पुएर्तो एस्कोंदिदोच्या मावशींना आणि त्या दादाला

मेक्सिकोच्या ओआहाका किनाऱ्यावरून परतलो, पण जीव तिथंच घुटमळतोय. बाजारातल्या मावशी, आम्ही मांस खात नाही हे खुणांवरून ओळखून तुम्ही डुकराच्या चरबीचा हात न लावता ताटाएवढी त्लायुदा, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, निखाऱ्यावर कुरकुरीत भाजून दिलीत. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून कसा दळतात, तेही हाताला धरून दाखवलंत. तो ओल्या मक्याचा वास अजून नाकात आहे!

आणि दादा, सिकातेला किनाऱ्याच्या लाटा पोहण्यासाठी नव्हेत, म्हणून तुम्ही आम्हाला अडवलंत. वर कारिसालियोच्या शांत खाडीपर्यंत सोबत येऊन, आईचा हात धरून त्या सगळ्या पायऱ्या उतरवल्यात. नावं विचारायची राहिली. मुचास ग्रासियास, दोघांनाही.