गुळाने धूर उतरत नाही

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

दिवसभर जीआय पाइपच्या रेलिंगचं वेल्डिंग केलंस, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला लोखंडासारखी चव आली आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठणठणीत, असं फोनवर म्हणालीस. शॉपमधल्या पोरांनी गूळ दिला आणि तुमच्या लेखी विषय संपला. मला मात्र रात्रभर तेच डोक्यात.

जीआय म्हणजे जस्ताचा लेप दिलेलं लोखंड. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायलाच दीड हजार अंश लागतात. म्हणजे टाका बसायच्या आधीच जस्ताची वाफ होते. तो जो पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप येतो. दोन दिवसांत आपोआप उतरतो, म्हणून श्रेय गुळाला. गूळ पोटात जातो गं, धूर फुप्फुसात. रोज तेच काम केलं की ताप येईनासा होतो, मग जो तो म्हणतो सवय झाली. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की पुन्हा हुडहुडी. ही कसली सवय?

टाका मारायच्या जागेचा लेप दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच ग्राइंडरने काढून घे, तेव्हाही मास्क लावून. वाकून काम करतेस तेव्हा तुझं नाक बरोबर धुराच्या वाटेवर येतं. डोकं बाजूला राहील असा जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, लावून घे. रुमालाने धूर अडत नाही. हेल्मेटच्या आत एन-९५ बसतो, तो घाल. सीओटू वेल्डिंगला टाक्यावर सोडलेला कार्बन डायऑक्साइड गॅस वाऱ्याने उडतो, जोडात भोकं पडतात, म्हणून पंखा बंद करतात हे मला ठाऊक आहे. तिथे धूर ओढणारा एक्झॉस्ट माग. नवी आहेस म्हणून संकोच करू नकोस. २०१७ साली कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या जागतिक संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. स्टेनलेसच्या धुरात तर क्रोमियम आणि निकेलही असतं, तिथे दुप्पट जप.

डोळ्यांचं तुला सांगायला नको. पण शेजारी दुसरा कोणी टाका मारत असेल तेव्हाही काच खाली घे. वेल्डिंग लागली तर कळतं रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागल्यावर. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा.

आणि टाकीच्या आत उतरून आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगचं काम सांगितलं तर हवा तपासल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय उतरायचं नाही. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो आणि श्वासाला हवा उरत नाही. माणूस आत खाली पडला तर त्याला काढायला तसंच आत उडी मारायची नाही.

पुन्हा ताप आला आणि दम लागला, छाती भरून आली, तर सकाळची वाट बघू नकोस. डॉक्टरांना जीआयवर वेल्डिंग केलं हे आधी सांग. नाहीतर ते मलेरियाच शोधत बसतील.

मास्कचे पैसे आजच पाठवतो.

तुझे बाबा