मॉनिटर परत करायच्या आधी

मिरज,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पप्या,
सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवल्यापासून तुझंच डोक्यात आहे. दीड वर्ष पैसे साठवून घेतलेला मॉनिटर, आणि पहिल्याच आठवड्यात तुझ्या तोंडून ऐकावं लागलं, "गेममध्ये अंधाऱ्या गुहेत शिरलो की भिंती लुकलुकतात, बिघडलेला पीस माझ्या गळ्यात मारलाय." तू घाईत होतास, आणि हे दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. दुकानात जायच्या आधी एवढं वाच.

गेल्या दिवाळीत माझ्याकडे हेच झालं होतं. मी तर मॉनिटर बदलूनही आणला. दुकानदाराने कुरकुर न करता त्याच मॉडेलचा दुसरा दिला. घरी आणून जोडला, खोलीतला दिवा बंद केला, तीच गेम लावली, त्याच बोगद्यात गेलो, आणि भिंतीवरचा करडा रंग पुन्हा तसाच फडफडला. ट्यूबलाइटचा स्टार्टर जायला आला की ती धड लागत नाही आणि धड विझतही नाही, अगदी तसा. उजेडातलं मैदान, आकाश, गवत सगळं स्वच्छ. अस्वस्थ होता तो फक्त काळ्याच्या अलीकडचा करडा. दोन वेगळे पीस एकाच बोगद्यात, एकाच भिंतीवर सारखेच कसे बिघडतील? तिथे माझं डोकं चालायला लागलं.

अण्णांना आधी व्होल्टेजचा संशय. आयुष्यभर वायरिंगची कामं केलेला माणूस, त्यांनी लगेच मल्टिमीटर आणून बोर्डाला लावला. २३१. मग चष्मा वर करून अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचली, १०० ते २४० व्होल्ट. "एवढं पेलणारा अडॅप्टर पाच-दहा व्होल्टांना भीक घालत नाही," म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. तुझ्या डोक्यातही लाइटचा संशय असेल तर तो काढून टाक.

पुढचं जे झालं त्यातून सगळा उलगडा झाला. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा, पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची सोय होती, ती मी चालू केली. मी बोगद्यात चालायचं आणि भिंत हलली की "हं" म्हणायचं, अण्णांनी कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचायचा. "बावन्न... एकोणपन्नास... चौऱ्याण्णव!" "हं." "पन्नास... ब्याण्णव!" "हं." दहा मिनिटं आम्ही बापलेक हेच करत होतो. प्रत्येक "हं" आकड्याच्या उडीवरच पडत होता.

ती उडी कुठून येते ते सांगतो. माझ्या मॉनिटरची रेंज ४८ ते १४४ हर्ट्झ आहे, आणि तुझीही तीच आहे, खोक्यावर बघ. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जितक्या फ्रेम, म्हणजे चित्रं, देईल तितक्या वेळा पडदा ताजा होतो, हेच तर व्हीआरआरचं, म्हणजे बदलत्या रिफ्रेश रेटचं, काम. पण कार्ड दमलं आणि फ्रेम ४७ वर आल्या, तर पडदा तितका सावकाश चालू शकत नाही. मग तीच फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि ४७ चे ९४ होतात. पुढच्याच क्षणी फ्रेम ५० झाल्या की पडदा परत ५० वर. तुझी गुहा नेमकी या उंबरठ्यावर आहे. धुकं, मशाली, सावल्या यांनी कार्डाचा जीव तिथेच मेटाकुटीला येतो.

आता पडदा ताजा व्हायचा वेग बदलला तर उजेड का बदलावा? तुझं पॅनेल व्हीए जातीचं आहे. त्यातला प्रत्येक ठिपका थोडासा विद्युतभार धरून ठेवतो आणि पुढची फ्रेम येईपर्यंत त्यातला किंचित गळतो. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे झिरपणारा माठ." बरोबर तेच. १४४ ला तो माठ दर ७ मिलिसेकंदांनी भरला जातो, ४८ ला जवळजवळ २१ मिलिसेकंद थांबावं लागतं. पातळीतला फरक अगदी थोडा, पण कारखान्यात रंग जुळवताना पडदा एका ठरावीक वेगावर चालवलेला असतो, त्यामुळे वेग बदलला की गडद करडे तेवढे निसटतात. लख्ख पांढऱ्यात हा फरक डोळ्याला कळत नाही. अंधारात मात्र आपला डोळा फार तिखट असतो. ओलेड जातीच्या पॅनेलचं कारण वेगळं, तरी गडद करड्यात तेही असंच वागतं. आयपीएस जातीत हे बरंच कमी दिसतं.

म्हणून पप्या, तुझा पीस बिघडलेला नाही असं मला वाटतं. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन व्हीआरआर बंद कर, मॉनिटर १४४ वर राहू दे आणि त्याच गुहेत जा. चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस, फक्त भिंत बघ. भिंत शांत झाली तर चोर सापडला. तरीही लुकलुकली, तर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि खुशाल दुकानात जा. आणि पडदा सेकंद-दोन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल, तर तो केबलचा आजार आहे. खोक्यातलीच आखूड डिस्प्लेपोर्ट केबल लावून बघ, तुझी ती टेबलाभोवती फिरवलेली लांब केबल नको.

आता इलाज. पहिला आणि खरा इलाज म्हणजे फ्रेम स्थिर ठेवणं. त्या गुहेच्या गेममध्ये सावल्या आणि धुकं दोन पायऱ्या खाली आण. दिसण्यात फार फरक पडत नाही, कार्डाला मात्र मोकळा श्वास मिळतो. मग ड्रायव्हरमधून फ्रेमला ६० ची मर्यादा घाल. मोकळ्या मैदानात १२० मिळत असताना ६० वर का थांबायचं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण १२० वरून ४६ वर आदळणाऱ्या खेळापेक्षा एकसारखे ६० हाताला कितीतरी गोड लागतात. दोन दिवस खेळून बघ आणि मग माझ्याशी भांड.

एवढ्याने माझं ऐंशी टक्के काम झालं. राहिलेलं रेंज बदलून झालं. सीआरयू, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, नावाचं एक फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. त्यात रेंजचा खालचा आकडा ४८ चा ७० कर. आता ६० फ्रेम कायम रेंजच्या खालीच, म्हणून कायम दुप्पट होणार आणि पडदा १२० वर चालणार. गुहेत फ्रेम ५० वर आल्या तरी पडदा १०० वर. माठ सतत भरलेला, त्यामुळे ढळण्याइतकी पातळी खाली जातच नाही. फक्त ७० च्या वर जाऊ नकोस. दुप्पट करायला वर जागा लागते, आणि ७० दुणे १४० म्हणजे १४४ च्या आत जेमतेम बसतात. त्याच फोल्डरमध्ये रीसेट-ऑल नावाची फाइल असते, काही चुकलं तर ती चालवून मशीन रीस्टार्ट कर, सगळं पहिल्यासारखं होतं. ती फाइल कुठे आहे ते आधी बघून ठेव, मगच हात घाल.

आपल्या रविवारच्या गोळीबाराच्या गेमला यातलं काही नको. तिथे तुझं कार्ड शंभराच्या खाली उतरतच नाही. मर्यादा १४१ ठेव, म्हणजे रेंजच्या वरच्या टोकाला डोकं आपटणार नाही. आणि जी-सिंक, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवरचं व्हीआरआर, फक्त फुल स्क्रीनसाठी चालू ठेव. मी खिडकीतल्या प्रोग्रॅमांनाही ते लावून ठेवलं होतं, तर ब्राउजरची काळी पानंसुद्धा फडफडायला लागली होती.

एक गोष्ट जाणार नाही, तीही सांगून ठेवतो. नवा भाग लोड होताना काळ्या पडद्यावर ते चक्र फिरतं ना, तेव्हा फ्रेम अडखळतात आणि तेवढ्यापुरतं लुकलुकणार. माझ्याकडे आजही होतं. चार-पाच सेकंदांचं आहे, मी सोडून दिलंय. तुला तेही खुपत असेल तर मॉनिटरच्या मेनूत व्हीआरआर कंट्रोल किंवा अँटी-फ्लिकर अशा नावाचं काही आहे का ते शोध. काही मॉनिटरांत असतं. त्याने वेगाची उडी आवळली जाते, बदल्यात हालचाल थोडी अडखळू शकते.

हे सगळं करूनही मन खट्टू राहिलं तर परत कर, पण त्याच मॉडेलचा दुसरा पीस घेऊ नकोस. ती चूक माझी करून झाली आहे. सरळ आयपीएस माग. काळा रंग एवढा गडद मिळणार नाही, पण भिंती गप्प राहतील. मला विचारशील तर मी व्हीएच ठेवीन. आपण शाळा सुटल्यावर कॅफेत दोघांत एक मशीन घेऊन बसायचो, तिथल्या त्या धुरकट मॉनिटरवर रात्रीचा नकाशा आला की काही म्हणजे काही दिसायचं नाही. आता काळा खरोखर काळा दिसतोय तो मला सोडवत नाही.

उद्या कामावरून आलास की आकडा कोपऱ्यात चालू कर, वहिनींना शेजारी बसवून वाचायला सांग आणि मला फोन लावून स्पीकरवर ठेव. नऊनंतर केव्हाही. अण्णाही ऐकायला बसणार आहेत, त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय.

तुझा,
सच्या