ओमच्या शाळेबद्दल, सविस्तर

सातारा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातला अर्धा वेळ तू नाशिकच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्यास, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळलं. फोनवर सांगायला गेलो तर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन वाच.

म्हणजे प्रश्न असा, की तुझ्या ओमची सध्याची शाळा मोठी, एका वर्गात पंचावन्न पोरं. आणि तुमच्या घराजवळ जी छोटी शाळा आहे तिथे पाचवीत अठराच. स्मितावहिनींना ती आवडलीय आणि काकांचं म्हणणं, ‘ही कसली शाळा, बंगला आहे तो.’ तुला दोघांचंही पटतंय.

मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. आमची मुक्ता पहिलीपासून दहावीपर्यंत अशाच एका तुकडीच्या शाळेत होती आणि तुझी वहिनी काही वर्षं तिथेच शिकवत होती. त्यामुळे मला ती शाळा फाटकातूनही दिसली आणि स्टाफरूममधूनही.

चांगलं काय, ते एका गणितावरून सांगतो. चौथीत मुक्ताची वजाबाकी सारखी चुकायची. ५०३ वजा २३७, तर हिचं उत्तर ३३४. मी दोन वेळा ओरडलो, सराव दिला, पुन्हा तेच. तिच्या बाईंनी लाल फुली मारायच्या ऐवजी तिला जवळ बसवलं आणि ‘कसं केलंस ते बोलून दाखव’ म्हणाल्या. तेव्हा उलगडा झाला. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, वर कोण आणि खाली कोण याच्याशी तिला कर्तव्यच नव्हतं. आणि तसं का, तर ‘शून्याकडून कसं मागायचं, त्याच्याकडे काहीच नाही.’ बाईंनी काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक केले, त्यातला एक दशक सोडून दहा सुटे केले. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पुढे ती वजाबाकीत कधी अडली नाही. पंचावन्नच्या वर्गातल्या बाई काही वाईट नसतात रे, पण ही वीस मिनिटं त्यांनी आणायची कुठून? शिक्षणहक्क कायद्यातसुद्धा (आरटीई) प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, असंच प्रमाण धरलंय. छोट्या शाळेची फी आपण भरतो ती खरं तर या वीस मिनिटांची. ते मिळत नसेल तर मग उरतो नुसता बंगला, आणि काका बरोबर.

गॅदरिंगचंही तसंच. आपल्या शाळेत स्टेजवर जाणारी पोरं ठरलेली असायची. तू आणि मी दहा वर्षं खुर्च्या मांडल्या. मुक्ताच्या शाळेत नाटकाला माणसंच कमी पडायची, त्यामुळे ज्याला धड बोलता येत नाही त्यालाही दोन वाक्यं वाट्याला यायचीच.

आता दुसरी बाजू. ती पहिलीच्याच पोटातून येते.

तुला आठवतं, पाचवीत तुला सगळे रड्या म्हणायचे? सहावीत तुकड्या बदलल्या, तू ‘क’मध्ये गेलास आणि दिवाळीपर्यंत तू तिथला दादा झालास. साठ नवीन पोरांना तुझा इतिहास माहीत नव्हता, हे केवढं मोठं भाग्य होतं ते तेव्हा कळलं नाही. छोट्या शाळेत ही सोय नाही. मुक्ताच्या वर्गात एक मुलगा होता. दुसरीत त्यानं कुणाची तरी पेन्सिल घेतली, आणि सातवीतही काही हरवलं की वर्गाची मान आपोआप त्याच्याकडे वळायची. शिक्षकांचीसुद्धा, हे वहिनी स्वतः सांगते. स्टाफरूममध्ये दहा जण, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक. जे डोळे पोराची वजाबाकी पकडतात तेच डोळे त्याला दहा वर्षं सोडत नाहीत. काही पोरांना एका कोपऱ्यात, कुणाच्या अध्यातमध्यात न येता वाढायचं असतं. त्यांना तिथे कोपराच मिळत नाही.

मैत्रीचं तर विचारूच नको. मुक्ताच्या वर्गात सोळा मुलं, त्यात मुली पाच. सहावीत तिचं एका मैत्रिणीशी बिनसलं. मोठ्या शाळेत बाक बदलला की प्रश्न मिटला असता. इथे उरलेल्या तिघी त्या दुसरीच्या बाजूला. झालं, पुढचे कित्येक महिने मधल्या सुट्टीत ही वाचनालयात. वाचन वाढलं हे खरं, पण ती काय आनंदानं वाचत होती असं नाही. त्यात भर आया-बापांची. पालक इतके मोजके की पोरांचं भांडण रात्री आठपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर. तुला तर त्या ग्रुपमध्ये घेऊच नये असं माझं मत आहे.

खेळाचं एका वाक्यात सांगतो: कबड्डीचा बारा जणांचा संघ करायला दोन इयत्ता गोळा कराव्या लागायच्या. ओमला खेळाचं खरंच वेड असेल तर हा मुद्दा लहान समजू नकोस.

आता पैशाचं, जे कुठलाच संस्थाचालक तुला सांगणार नाही. तू हिशेबातला माणूस, म्हणून आकडे मांडतो. पहिली ते दहावी, वर्गात अठरा, म्हणजे १८० मुलं. पहिली ते आठवीतली पाव मुलं आरटीईतून फुकट शिकणारी, म्हणजे ३६. उरलेल्या १४४ जणांची फी समज ४० हजार, तर ५७ लाख ६० हजार झाले. चौदा शिक्षकांना महिना २० हजार धरले (तेवढेही बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत) तरी वर्षाला ३३ लाख ६० हजार. वर क्लार्क, मावशी, इमारतीचं भाडं, वीज, दुरुस्ती. आरटीईच्या मुलांमागे सरकार वर्षाला १७,६७० रुपये देतं, म्हणजे सव्वासहा लाखांच्या आसपास. पण ते वेळेवर येत नाहीत, वर्षानुवर्षं थकतात, ही सगळ्या शाळांची रड आहे. मोठी शाळा ते अंगावर घेते. छोट्या शाळेत बारा घरं सोडून गेली की थेट दोन शिक्षकांचे पगार गेले.

म्हणून कात्री लागते ती पगाराला. आणि पगार कमी म्हणून माणसं टिकत नाहीत. सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर यादी लागली की स्टाफरूममध्ये काय शांतता पसरते ते वहिनीला विचार. मुक्ताचे गणिताचे सर असेच मध्येच गेले, जिल्हा परिषदेत नेमणूक मिळाली. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत, पेढेच खाल्ले सगळ्यांनी. पण गणिताला दुसरे सर नव्हतेच. इतिहासाच्या बाईंनी बीजगणित ओढलं, जमेल तसं. मोठ्या शाळेत गणिताला चार जण असतात. एक गेला तर तिघं वाटून घेतात.

जाता जाता एक गंमत बघ. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा, बहुतेक जिल्हा परिषदेच्या, २०२३ मध्ये राज्यात चौदा हजारांच्या वर होत्या. ‘एवढ्या कमी मुलांत मुलांचा विकास होत नाही’ असं म्हणून त्याच वर्षी सरकारनं त्या समूह शाळांत, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून केलेल्या मोठ्या शाळांत, मिसळायचा घाट घातला. आणि इकडे तू नि मी वर्गात अठराच मुलं आहेत म्हणून ४० हजार मोजायला तयार. वाडीवरचा कमी पट म्हणजे अडचण, आणि शहरातला कमी पट म्हणजे ‘वैयक्तिक लक्ष’!

सगळ्या छोट्या शाळा मी एका मापानं मोजत नाही. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद सुरू केली, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं, पुण्यात १९९२ मध्ये अक्षरनंदन निघाली. या शाळा निघाल्या त्या काहीएक विचार डोक्यात धरून. मुलं कशी शिकतात याचा शोध घेणारी माणसं आधी होती, शाळा नंतर झाली. तुझ्या घराजवळच्या शाळेत तसं कुणी आहे का, की प्रवेश कमी झाले म्हणून अठरा आहेत, एवढं शोधून काढ. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेच रंगीत कुंपण, तेच वडाच्या पारावर बसलेल्या मुलांचे फोटो.

ते कळायला मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून उपयोग नाही. तिथे चहा-बिस्किटं आणि माहितीपत्रक मिळेल. विचार की गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक गेले आणि पाचवीच्या वर्गशिक्षिका इथे कधीपासून आहेत. शक्य झालं तर एक तास वर्गात मागे बसू द्या म्हण. ‘पालकांना परवानगी नाही’ म्हणाले तर एवढ्या छोट्या शाळेला कसली भीती, ते तूच ठरव. फीचं विचारताना लाजू नकोस. फी शाळेनं परस्पर वाढवायची नसते, २०११ च्या कायद्याप्रमाणे ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. ती समिती खरोखर बसते की नुसत्या सह्या गोळा होतात, हे जुन्या पालकांकडून कळेल.

आणि कागद बघ. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीचा नंबर, आहे का, मान्यता कितवीपर्यंतची, दहावीच्या परीक्षेला मुलं कुणाच्या नावावर बसतात. ‘दहावीची मान्यता प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य ऐकलंस तर उठून ये. इथल्याच एका शाळेनं हे वाक्य सलग तीन बॅचना ऐकवलं, आणि शेवटी पोरांचे फॉर्म भलत्याच शाळेतून भरले. पोरं पासही झाली, पण ज्या शाळेत कधी पाऊल टाकलं नाही तिथून दाखला आणायला बापांनी हेलपाटे घातले.

मुक्ताचं पुढे काय झालं, ते तुला अर्धवट माहीत आहे. अकरावीला सायन्सला गेली, वर्गात ऐंशी मुलं. दहा वर्षं जिला शंका आली की हात वर करायची सवय, तिनं पहिल्याच आठवड्यात हात वर केला. सर म्हणाले, ‘शेवटी विचार.’ शेवटी सर निघून गेले. असं चार-पाचदा झाल्यावर हात खाली गेला. मार्क घसरले, डोक्यावर सीईटी, कॉलेजात ओळखीचं कुणी नाही. सावरली ती, आता बारावीत बरी आहे. कुणाकडे नोट्स मागायच्या, कुठल्या सरांना गाठायचं, कुठे गप्प बसायचं, हे शिकली. पण तू आणि मी हे पाचवीतच शिकलो होतो, फुकटात, आणि ते शिकताना बोर्ड किंवा सीईटी असलं काही मानेवर नव्हतं.

तेव्हा माझं मत विचारशील तर ओमला जूनमध्ये त्या शाळेत घाल, वर्गशिक्षिका पटल्या आणि कागद स्वच्छ असले तर. तू सांगतोस त्यावरून पोरगा बुजरा आहे आणि पंचावन्नात हरवतोय. त्याला आत्ता कुणीतरी जवळ बसवून ‘कसं केलंस ते सांग’ म्हणायची गरज आहे. पण दहावीपर्यंत ठेवू नकोस. सातवीनंतर काढ. आठवीला मोठ्या हायस्कुलांत नव्यानं प्रवेश होतातच, कारण जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात, त्यामुळे नवीन आलेला तो एकटा नसेल. गर्दीत रुळायला दहावीच्या आधी दोन वर्षं मिळतील. वहिनीला हे अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, आठवी-नववीतच पोरांना ओळखीच्या माणसांची खरी गरज असते आणि नेमकं तेव्हाच तू त्याला उपटणार. आमचं यावर कालच जोरात झालं. तिची बाजू तिच्याकडूनच ऐक, रात्री नऊनंतर फोन कर.

आणि काकांना सांग, बंगल्यावरून शाळा ठरत नाही. आपल्या शाळेची इमारत केवढी प्रचंड होती आणि प्रयोगशाळेचं कुलूप दहावीच्या प्रॅक्टिकलशिवाय कधी उघडलं का?

नाताळच्या सुट्टीत या इकडे सगळे. कासला जाऊ. फुलं नसतील, पण गर्दीही नसेल.

तुझा,
सुध्या

ता. क. शाळेत जायच्या आधी तिथल्या व्हॅनवाल्या काकांना गाठ. कुठल्या शाळेची पोरं या वर्षी कमी झाली, कुठली वाढली, कोण कुठून कुठे गेलं आणि का, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि त्यांना तुला खूश करायची काही गरज नसते.