जुन्या चिठ्ठीवर सांधेदुखीची गोळी नको

ठाण्यात नौपाडा, कोपरीत गुडघेदुखीची जुनी चिठ्ठी दाखवून ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी नेणारे ज्येष्ठ नेहमी दिसतात. ही गोळी १०० मिलिग्रॅमची, जास्तीत जास्त दिवसातून दोनदा, तीही जेवणानंतर. जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही त्याच गटातली वेदनाशामके घेऊन गुण वाढत नाही, पोटात रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली तर लगेच रुग्णालय गाठा. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. जुलाब-उलट्या होत असताना तर फारच. अशांनी डॉक्टरांना आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवावीत, मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दुखणे एका गुडघ्यापुरते असेल तर डायक्लोफेनॅकचे जेल चालेल का, तेही विचारावे. दुकानदारांनीही चिठ्ठीवरची तारीख वाचावी, ही कळकळीची विनंती.

– एक फार्मासिस्ट, ठाणे