दादाची बाटली

नागपूर,
रविवार रात्र

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू स्वतः एएस आहेस, सिकलसेलची वाहक; या वयात २१ किलोमीटर कशाला पळायचं?" तुला धास्ती वाटते हे कळलं, म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

डॉक्टरांना विचारूनच पळते गं. पाणी पीत राहायचं, दम लागला की चालायचं, ऊन चढायच्या आत घर गाठायचं. पहाटे तेलंखेडीच्या हनुमानाला हात जोडून फुटाळ्याच्या कडेने निघते. कमरेला दादाची निळी बाटली असते. तिच्यावर मी नेलपॉलिशने रेघा ओढल्या होत्या, आठवतात? मधल्या सुट्टीपर्यंत इथवर, शाळा सुटेस्तोवर इथवर. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता; पाणी कमी पडलं की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या आणि बारीक नसांमध्ये अडकायच्या. आपल्या पेशी १२० दिवस टिकतात, त्याच्या जेमतेम १०-२० दिवस. रेघा आता पुसट झाल्यात, पण बोटाला लागतात. सेमिनरी हिल्सचा चढ आला की मी त्या चाचपूनच पाणी पिते.

लग्नाआधी बाबांची नि माझी तपासणी कुणी सुचवलीच नाही. दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याचा चारात एक धोका. हे मला तो दोन वर्षांचा झाल्यावर कळलं. फार वर्षं मी स्वतःला कोसत बसले.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. बातमी वाचून मी देवघरासमोर बसून रडले. मग किंमत वाचली: अमेरिकेत २२ लाख डॉलर! आपल्या विदर्भातल्या कुठल्या आईला परवडेल? तो उपचार इथे, आपल्याला झेपेल अशा खर्चात व्हायचा तर इथेच संशोधन व्हायला हवं. म्हणून दर किलोमीटरमागे ओळखीतल्यांकडून पैसे घेते आणि सगळे संशोधनाला देते. खालच्या मजल्यावरच्या काकू पेन्शनमधून ५० रुपये देतात, किलोमीटरला! मग कंटाळा आला तरी उठावंच लागतं. पळताना दादा दुखण्यात कण्हताना आठवत नाही, पतंगामागे गच्चीवर धावताना आठवतो.

आता तुझं. तूही एएस आहेस. ज्या मुलाबद्दल सांगितलंस, त्याची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, म्हणजे तोही वाहक आहे का हे सांगणारी रक्ताची तपासणी, आधी करून घ्या. लाजू नकोस, त्याच्या आईशी मी बोलेन.

आणि शर्यतीला ये. पंधराव्या किलोमीटरला बाटली रिकामी होते, तिथे पाणी घेऊन उभी राहा.

तुझी,
आई