धाकट्याच्या पाथवेबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "तुझ्यासारखंच त्यालाही पाथवेतून पाठवायचं का?" पाथवे म्हणजे परदेशी विद्यापीठात शिरण्याआधी करायचा तयारीचा अभ्यासक्रम. मी "बघू" म्हणून विषय बदलला. उत्तर लांबलचक आहे आणि त्यात एक कबुलीही आहे, म्हणून लिहून पाठवतेय.

कबुली आधी उरकते. माझ्या पाथवेच्या वर्षी पहिल्या सत्रात मी इंग्रजी लेखनात नापास झाले होते. पुस्तकातली चांगली वाक्यं जशीच्या तशी उचलून निबंधात घातली होती, कुणाची ते लिहिलं नव्हतं. मला वाटायचं यालाच अभ्यास म्हणतात. इथे त्याला चोरी म्हणतात. आई, तू दर आठवड्याला विचारायचीस आणि मी "छान चाललंय" म्हणायचे. बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीला विद्यापीठात प्रवेश मिळाला. खरं तर प्रवेश फाउंडेशनला, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्षाला मिळाला होता, पदवीचा प्रवेश सशर्त होता. एकूण गुण इतके, इंग्रजीत इतके, तरच पुढे. ते पत्र मी नीट वाचलं ते नापास झाल्यावर.

तुम्ही पाथवेला 'मागचं दार' म्हणता, काका 'वाया गेलेलं वर्ष' म्हणतात. मी दोन्ही म्हणणार नाही. त्याचं कारण त्याच वर्षातला भूविज्ञानाचा एक तास.

टेबलावर तीन दगड ठेवले होते. काय दिसतं ते लिहा, असं सांगितलं. मी पहिल्यासमोर झोकात लिहिलं, 'चुनखडी'. शिक्षिकांनी त्यावर रेघ मारली. "हे नाव झालं. दिसलं काय?" मग पुन्हा बसले. रंग राखाडी. नखाने ओरखडा उठत नाही, पोलादी चाकूने उठतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. मोह्स नावाच्या माणसाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तिच्यात नख साधारण अडीचवर, चाकू साडेपाचच्या आसपास, म्हणजे माझा दगड मध्ये कुठेतरी. हे सगळं लिहून झाल्यावर 'चुनखडी' लिहायची परवानगी मिळाली. उत्तर तेच होतं, पण आता ते माझं होतं.

दुसऱ्यांदा फजिती झाली ती आलेखात. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. सुरुवातीला दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. २०१३ च्या मे महिन्यात दिवसाची सरासरी पहिल्यांदा ४०० च्या वर गेली. आकडे मांडले तर रेघ चढते, पण दर वर्षी करवतीच्या दात्यासारखी वरखाली होत चढते. मला वाटलं, यंत्र बिघडलं असणार. मी सरासरी काढून दाते घासून टाकले आणि गुळगुळीत रेघ दिली. ते दाते म्हणजे उत्तर गोलार्धातली झाडं होती! उन्हाळ्यात वायू ओढून घेतात, पानं गळून कुजली की परत सोडतात. मी अख्ख्या अर्ध्या पृथ्वीचा श्वास चूक समजून खोडला होता.

आमच्या वर्गात कुणीच शाळेत भूविज्ञान शिकलेलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी ते भूगोलाच्या एका धड्यात उरकतात. त्यामुळे या विषयापुरतं तरी मधलं वर्ष मला जड वाटलं नाही. स्कॉटलंडमधल्या सिकार पॉइंटचा फोटो देऊन नुसतं चित्र काढायला लावलं होतं: खाली उभे थर, त्यांच्यावर किंचित कललेला लाल वालुकाश्म. १७८८ साली जेम्स हटन होडीतून तिथे गेला आणि त्या जोडापाशी त्याला पृथ्वीचं अफाट वय दिसलं. दोन थरांच्या वयात सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे. चित्रात ती एक वाकडी पेन्सिलची रेघ.

आता धाकट्याचं. पहिला प्रश्न असा की त्याला पाथवे लागतोच का? बारा वर्षांची शाळा करून आलेल्याला काही विद्यापीठं थेट घेतात, काही घेत नाहीत. बोर्ड, विषय आणि गुण पाहून ठरतं. थेट मिळत असेल तर हे वर्ष आणि हा खर्च कशाला? एजंट हा प्रश्न आपणहून काढणार नाही.

लागत असेल तर कुठला, ते बघा. फाउंडेशन संपवून पदवीच्या पहिल्या वर्षाला बसतात. इंटरनॅशनल इयर वन हेच पहिलं वर्ष धरतात आणि पुढे दुसऱ्यात पाठवतात. पण भूविज्ञानात ते जपून घ्या, कारण पहिल्या वर्षाच्या फील्डवर्कला तो मुकला तर दुसऱ्यात होकायंत्राने थराचा कल मोजणाऱ्या मुलांमध्ये हा नुसता उभा राहील. प्री-मास्टर्स पदवीनंतरचं, त्याचा प्रश्नच नाही.

बऱ्याच ठिकाणी पाथवेचं केंद्र विद्यापीठाच्या आवारात असतं, पण चालवते खासगी कंपनी. त्यात वाईट काही नाही, मात्र प्रयोगशाळा वापरायला मिळते का, वर्षात प्रत्यक्ष बाहेर किती दिवस नेतात, हे लेखी विचारा. 'सायन्स शाखा' एवढ्यावर भागत नाही. पर्यावरण विज्ञानाला रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र लागतं, भूभौतिकीला गणित आणि भौतिकशास्त्र. पर्यावरण व्यवस्थापन किंवा धोरण हे अनेकदा वेगळ्याच शाखेतून जातं. इथे चुकीचा विषय निवडला तर पुढचा दरवाजा बंद, आणि ते कळतं वर्ष संपताना.

माहितीपत्रकात सगळी नावंच असतात: 'हमखास प्रवेश', 'उज्ज्वल भविष्य'. त्यांच्यावर रेघ मारा आणि खाली काय दिसतं ते विचारा. कुठल्या पदवीला, कुठल्या गुणांवर, इंग्रजीत किती, आणि न जमल्यास काय. सशर्त पत्र आलं की पैसे भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा. एक शब्दही न गाळता, शेवटच्या बारीक अक्षरांसकट.

आणि त्याला सांगा, पहिल्या सत्रात काही बिनसलं तर मला फोन कर. तुम्हाला मी सांगेन.

तुमची,
मोठी

ता. क. आई, माझी फील्डची वही पार्सलमध्ये टाकलीय. पावसात भिजून पानं चिकटलीत, ओढून उघडू नकोस.