काकांच्या डब्यातल्या चिप्स : पक्याला पत्र

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या डब्यातल्या पोकरच्या चिप्सचे, म्हणजे जुगारात पैशांऐवजी मांडायच्या त्या चकत्यांचे, तू पाठवलेले फोटो काल रात्री पाहिले. त्या घासून साफ करायच्या आधी माझं ऐक. आधी एक काम कर. ती स्पिरिटची बाटली आणि पितांबरी, दोन्ही कपाटात ठेवून दे. बाकीचं पत्र सावकाश वाच.

स्पिरिट का नको ते सांगतो. डब्यातल्या ज्या लाल, पांढऱ्या, निळ्या चिप्सवर जहाजाचा नांगर कोरलाय, त्या मला बऱ्याच जुन्या वाटतात, काका बोटीवर लागले त्याच्याही आधीच्या. १८८० च्या दशकापासून १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेत अशा चिप्सच्या हजाराहून जास्त नक्ष्या निघाल्या. आपण त्यांना क्ले, म्हणजे मातीच्या, म्हणतो, पण नुसत्या मातीची चिप दोन डावांत फुटली असती. मातीत लाख कालवायची आणि साच्यात दाबायची, अशी ती रीत होती. त्या काळी जगाला लाख पुरवायचा मुख्यतः हिंदुस्थान, त्यामुळे काकांच्या डब्यातून एखादा जिन्नस फिरून घरी आला असेल तर नवल नाही. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तुमच्या घरी सुतार चपडा स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश करायचा, आठवतंय ना? तू स्पिरिटच्या बोळ्याने चिप पुसलीस तर मळाबरोबर चिपचा वरचा थरही निघून येईल. गरम पाण्याचंही तसंच. लाख मऊ पडते, चिप वाकते, आणि एकदा वाकली की टेबलावर भिंगरीसारखी फिरत बसते.

पितांबरी पितळेसाठी उत्तम. इथे ती नक्षी झिजवेल. टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असते, म्हणून तीही नको. नांगराच्या खाचांत जो रंग भरलाय, तो नुसता वर बसलेला असतो आणि कडक ब्रशने उडतो.

आता ज्या चिप्सवर सोनेरी अक्षरं आहेत त्यांच्याकडे वळू, कारण माझा जीव खरा त्यांच्यात अडकलाय. तापवलेल्या ठशाने सोनेरी वर्ख दाबून ही अक्षरं उमटवायचे. अमेरिकेतल्या खासगी क्लबांत, आणि जुगाराला बंदी असलेल्या गावांतल्या चोरट्या अड्ड्यांवरही, चिप्सवर पूर्ण नाव क्वचितच असायचं, दोन-तीन आद्याक्षरं असायची. माझ्या घरापासून जवळच असलेल्या न्यूअर्कची मेसन, शिकागोच्या हंट आणि टेलर, अशा कंपन्या या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांच्या नोंदींतले काही कागद शिल्लक आहेत आणि संग्राहक त्यावरून कुठली अक्षरं कुठल्या गावातल्या कुठल्या क्लबची हे शोधून काढतात. म्हणजे बघ, चिपची ओळख त्या वर्खात आहे. तो पुसला गेला तर हातात राहते नुसती एक तपकिरी चकती. म्हणूनच मी म्हणतो की साफ करायचं ते अक्षर वाचता यावं इतकंच. चकाकी हवी असेल तर नवीन चिप्स बाजारात पडल्यात.

वर्ख आधीच गेला असेल तरी निराश होऊ नकोस. ठशाचा खड्डा तसाच राहतो. रात्री खोलीतला दिवा मालव, मोबाइलचा टॉर्च चिपच्या कडेला अगदी आडवा धर आणि चिप हळूहळू फिरव. एका कोनात खड्ड्यात सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. त्या क्षणाचा फोटो काढ. हे सगळं धुण्याआधी कर, कारण कधी कधी खड्ड्यात साचलेला काळा मळच अक्षर दाखवत असतो.

मग धुणं. कोमट पाण्याचं एक भांडं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, दुसरं भांडं साध्या पाण्याचं, लहान मुलाचा सगळ्यात मऊ टूथब्रश आणि जुनं पंचाचं कापड. चिप्स भिजत घालू नकोस. एक उचलायची, पाण्यातून काढायची, कडा आधी घासायची. बोटं कडेलाच लागायची ना, त्यामुळे खरा थर तिथेच असतो, सिगारेटच्या धुराचा, घामाचा, टेबलावर सांडलेल्या कशाकशाचा. कडेवरून ब्रश फिरवताना पाणी चहासारखं व्हायला लागेल. मग दोन्ही बाजू, अक्षरांना वगळून, गोल गोल. अक्षरांवर फक्त ओलं बोट फिरव. साध्या पाण्यातून काढ, लगेच टिपून घे आणि दुसरी उचल. पहिली चिप सगळ्यात साध्या, तुटक्या चिपमधली निवड आणि ती पूर्ण वाळेपर्यंत बाकीच्यांना हात लावू नकोस.

कडेला दुसऱ्या रंगाचे पट्टे असलेल्या ज्या थोड्या चिप्स तुझ्याकडे आहेत, त्या धुताना बघत राहा. ते पट्टे रंगवलेले नाहीत. त्या त्या रंगाच्या मातीचे तुकडे हाताने बसवून, मग सगळं एकत्र उष्णतेत दाबलेलं असतं, म्हणून पट्टा वरच्या बाजूने कडेवरून खालच्या बाजूपर्यंत एकसंध उतरतो. मळाखाली काळपट दिसणारा पट्टा ब्रशच्या चार फेऱ्यांत पिवळाधमक होतो तेव्हा मला अजूनही हात थांबवून बघत बसावंसं वाटतं.

याच चिप्सच्या काठाला उठावाची नक्षी आहे का बघ. ती साच्याची खूण असते आणि त्यावरून घडवणारा कळतो. टोपी आणि काठी दिसली तर पॉलसन. ही लास वेगासची कंपनी १९६३ साली पॉल एंडी यांनी काढली. माझ्याकडच्या अटलांटिक सिटीच्या बहुतेक चिप्स त्यांच्याच साच्याच्या, आणि टोपीच्या कडेत अडकलेला मळ काढायला लाकडी टूथपिकच लागते. मात्र जुन्या पॉलसनमध्ये आणि लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग कंपनीच्या चिप्समध्ये शिसं असायचं. तेव्हा स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नकोस, चिनूला शेजारी बसवू नकोस, पॉलिश पेपर तर लावूच नकोस, आणि काम झालं की हात साबणाने धू. यात मी अजिबात तडजोड करत नाही.

वाळवायला ऊन नको. सुती पंचावर एकेक सुटी मांड आणि पंखा लाव. रत्नागिरीतल्या या दिवसांच्या हवेत दोन दिवस तरी लागतील. ओलसर असताना चळत रचलीस तर चिप्स एकमेकींचा रंग घेतात.

वाळल्यावर त्या पांढुरक्या, रुक्ष दिसतील. घाबरू नकोस. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आण, जे पोट साफ व्हायला देतात तेच. कापडाला जेमतेम थेंबभर लाव, चिपवर फिरव, रात्रभर ठेव आणि सकाळी कोरड्या कापडाने जोर लावून पूस. रंग खोल होतो. खोबरेल मुळीच नको, ते महिन्याभरात खवट होईल. तेल लावू नये असं म्हणणारे संग्राहक आहेत, आणि ज्या चिपच्या मध्यभागी छापील कागद बसवलाय तिच्या बाबतीत मलाही ते पटतं, कारण कागदाच्या कडेतून तेल आत शिरू शकतं. तुझ्या साध्या चिप्सना मात्र मी लावेन.

आता तू विचारलंस ते, कडेचे टवके भरायचे का. नको. एपॉक्सीने भरलेला टवका दुसऱ्या दिवशी सुंदर दिसतो, पण घेणाऱ्याला तो सांगावा लागतो, आणि तुझ्यानंतर तो कुणी सांगेलच असं नाही. पुसट पट्ट्यांवर मार्करने रंग चढवणं तर सरळ फसवणूक आहे. इकडे काही जण जुन्या चिपचा मधला भाग मशीनवर घासून काढतात आणि स्वतःच्या नावाचं लेबल चिकटवतात. बाजारात पोत्यांनी मिळणाऱ्या चिप्सचं असं केलं तर माझी हरकत नाही. आद्याक्षरांच्या चिपचं कुणी केलं तर मला राग येतो. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात बंद झालेल्या कॅसिनोच्या चिप्स नियमाने नष्ट कराव्या लागतात. ड्यून्स १९९३ मध्ये सुरुंगाने पाडलं, सँड्स १९९६ मध्ये. तिथल्या टेबलांवरचं जे काही लोकांच्या खिशातून बाहेर आलं, मुख्यतः तेवढंच उरलं. क्लबांचं तर तेवढंही नाही.

किंमत मी आत्ता सांगणार नाही. नांगरवाल्या चिप्स बऱ्याच ठिकाणी सापडतात. अक्षरांच्या चिप्सचं मात्र नोंदी पाहिल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. तो भंगारवाला डबा उचलून न्यायला आला तर सरळ नाही म्हण. रबरबँड लावून ठेवल्या असशील तर काढ, रबर चिकटून डाग पडतो.

अक्षरांच्या प्रत्येक चिपचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचा एक, असे फोटो पाठव. शेजारी पट्टी ठेव आणि जमलं तर सोनाराच्या काट्यावर वजनही कर. आठ ते दहा ग्रॅम भरलं तर क्लेची शक्यता चांगली. साडेअकरा भरलं आणि लोहचुंबक चिकटलं, तर आत लोखंडी चकती घातलेलं अलीकडचं प्लॅस्टिक. शनिवारी तुझ्याकडे रात्र असेल तेव्हा मी फोन करतो. काका कुठल्या कुठल्या बंदरांना लागायचे, ते तोवर काकूंना विचारून ठेव. त्यांना माझा नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
सुऱ्या